तात्यांनी दाखवलेला मोर्चा

मोर्चा कसा बघायचा हे मला तात्यांनी शिकवलं. कॅमेरा मला आधीच चालवता येत होता, त्यावर माझं पोटही चालत होतं. पण समोरून हजारो माणसं चालत आली की त्यांत पाहायचं काय, हे पस्तिशी उलटेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. चिंचपोकळीच्या चाळीत वाढलो, गिरणीच्या भोंग्यावर आमच्या घरच्या चहाची वेळ ठरायची, तरीही ठाऊक नव्हतं. तात्या असताना हे त्यांना नीट सांगायला हवं होतं. ते राहिलं, म्हणून लिहितो.

तात्या आमच्याच मजल्यावर शेवटच्या खोलीत राहायचे. साताऱ्याकडचे, गिरणीत साचेवाले. त्या एका खोलीत त्यांच्या गावचे दहाबारा जण पाळीप्रमाणे राहत. पहिल्या पाळीचे उठून गेले की रातपाळीचे त्याच जागेवर आडवे होत. बायकामुलं गावी, जेवण तळमजल्यावरच्या मावशींच्या खानावळीत. माझे वडील बेस्टमध्ये होते. त्यामुळे १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, तेव्हाही आमच्या घरात पगार येत राहिला. मी दुसरीत होतो. मला आठवतं ते एवढंच की भोंगा वाजेनासा झाला, दिवसाउजेडी गॅलरीत पुरुषमाणसं दिसू लागली आणि मग एकेक करून तीही दिसेनाशी झाली. जो तो गावाला गेला. तात्याही गेले. पुढे कधीतरी परत आले, आणि ते कधी आले हे आम्ही मुलांनी विचारलं नाही.

मोठा होत गेलो तशी संपाबद्दलची मतं मी बाहेरून उचलली. डॉक्टरांनी कामगारांना बुडवलं (संपाचे नेते दत्ता सामंत, त्यांना सगळे डॉक्टरच म्हणत), कामगारांना काम करायला नकोच होतं, असं मी कॉलेजात अगदी आमच्या चाळीचा हवाला देऊन सांगायचो. भांडणाच्या मुळाशी १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा होता, त्याने बोलणी करण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिला होता आणि ती युनियन बहुसंख्य कामगारांना नकोशी झाली होती. बदली कामगार वर्षानुवर्षं बदलीच राहत होते. संप कधी रीतसर मागेच घेतला गेला नाही. यातलं काहीही मी वाचलेलं नव्हतं. चाळीतल्या कुणाला विचारलंही नव्हतं. १९९७ मध्ये गिरणी कामगाराच्या घरावरचं जयंत पवारांचं ‘अधांतर’ रंगभूमीवर आलं. ते नाटक मला आजही मोठं वाटतं. पण सिनेमाच्या पडद्यावर जे गिरणगाव दिसू लागलं त्यात गिरणी कामगाराचा मुलगा म्हटला की त्याच्या हातात वस्तरा नाहीतर पिस्तूल ठरलेलं. माझ्या वर्गातली कामगारांची मुलं कुरिअरमध्ये, पोस्टात, सोसायट्यांच्या गेटवर वॉचमन म्हणून लागली होती. त्यांच्यावर कोण सिनेमा काढणार!

मी एका वृत्तवाहिनीत कॅमेरामन झालो. मोर्चा कव्हर करायची तिथे एक रीत होती आणि मी ती लवकर शिकलो. उंचावरून गर्दीचा एक शॉट, घोषणा देणारा एक चेहरा, नेत्याचा बाइट आणि शेवटी अडकलेल्या टॅक्सीत घाम पुसणारा माणूस. पुतळा जाळला तर बरं, रेटारेटी झाली तर फारच बरं. बातमीची पहिली ओळ वाहतुकीच्या खोळंब्याची. आमच्या आंबेडकर रस्त्यावर चिंतामणी गणपतीच्या आगमनाला मुंगीला शिरायला वाव नसतो, पण त्या दिवशी खोळंबा हा शब्द पहिल्या ओळीत येत नाही. मी स्वतः चिंतामणीच्या मंडपात लहानाचा मोठा झालोय, तेव्हा हे गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. आपण कुठली गर्दी कशी दाखवतो ते मला त्या काळात दिसत नव्हतं, एवढंच.

त्याच वर्षांत गिरणी कामगार घरांसाठी रस्त्यावर येत होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत बंद गिरण्यांच्या जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला अशी वाटणी होती. २००१ मध्ये ती फक्त मोकळ्या जमिनीपुरती केली. बांधकामाखालची सगळी जमीन वाटणीतून सुटली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. स्वतः गिरणीत काम केलेले दत्ता इस्वलकर आणि त्यांची बंद गिरणी कामगार संघर्ष समिती मागत होती ती कामगारांसाठी घरं. हे मोर्चे मी शूट करत होतो आणि त्यांत मला दिसत होते म्हातारे. थकलेले, पांढऱ्या टोप्यांचे, कीव यावी असे म्हातारे. वाहिनीची नोकरी सोडून स्वतःची फिल्म करायला घेतली तेव्हा मनात हेच चित्र होतं. महोत्सवांत चालेल, असाही हिशेब होता. नाही म्हणत नाही.

तात्या एका मोर्चात होते. आपण फिल्ममध्ये दिसतो का ते बघायला ते एका संध्याकाळी माझ्या खोलीवर आले. रशेस लावले. राणीबागेकडून निघालेला मोर्चा, लांबून, चांगला मिनिटभराचा शॉट. मला त्याचा अभिमान होता. तात्या पुढे सरकले.

“थांब जरा. मागं घे.”

मागे घेतला. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. हा रिंग खात्यातला, याला दम लागतो, जिन्यानं चढत न्हाय, हा इथवर आला कसा? ही ह्याच्या भावाची बायको, भाऊ वारला. तिची सून परवाच बाळंत झालीय, मग तिकडं कोण आहे? हा आपला न्हाय, पण याचा बाप होता, बापाचं कार्ड घेऊन आलाय. आणि हा... आरं, हा तर वाइंडिंगचा मुकादम, हा संपात आमच्या विरोधात होता! तात्या हसायला लागले. मिनिटभराचा शॉट बघायला आम्हांला जवळजवळ तास लागला. मधे लाइट गेली तेव्हा अंधारातही ते बोलत होते. मला जे म्हातारे दिसत होते त्यांच्यापैकी प्रत्येकाचं खातं, गाव, दुखणं त्यांना माहीत होतं. आणि प्रत्येकाबद्दल त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता: हा आला, मग याच्या घरी कोण आहे?

त्या संध्याकाळी आधी मी हिरमुसलो. माझा सर्वांत चांगला शॉट त्यांनी माणसामाणसांत फोडून टाकला होता. पण नंतर तोच शॉट पुन्हा लावला तेव्हा मला तो जुन्या नजरेने बघता येईना. मोर्चा राणीबागेपासून सुरू होत नाही, तो आदल्या रात्री कुणाच्या तरी घरात सुरू होतो, हे त्यांच्या प्रश्नामुळे मला कळलं. पुढच्या मोर्चाच्या आधी मी कॅमेरा घेऊन घरोघर गेलो. प्लास्टिकच्या पिशवीत कागद भरणारे, शेजारणीकडे किल्ली ठेवणारे, नातवाच्या शाळेची वेळ सुनेला समजावणारे, सकाळी किती वाजता निघायचं यावर नवराबायकोचं भांडण. त्या चित्रणात घोषणा एकही नव्हती. पण ते पाहिल्यानंतर रस्त्यावरची घोषणा ऐकताना ती कुणाच्या तोंडून येतेय हे कळायचं.

खानावळवाल्या मावशींकडे गेलो तर त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवायला लावला. “आधी जेव. पैसे देऊन जेव. मग विचार काय ते.” जेवलो, पैसे दिले. गिरणगावात एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या अशा बायका शेकड्यांनी होत्या, आणि त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं होतं. हे मी वाचून गेलो होतो, आणि वाचलेलं लगेच बोलूनही दाखवलं. मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, संपात कामगारांना पगार नव्हता, बरोबर? मग ते जेवत होते कुणाच्या पैशानं? वाण्याचं देणं माझ्या नावावर होतं. मी कधी मोर्चात गेले नाही, तेव्हा तुझ्या फिल्ममध्ये मी बसते का बघ. मी त्यांना बसवलं. फिल्ममध्ये त्या मोर्चाच्या दृश्यांच्या आधी येतात.

याच सुमारास एका मित्राने आनंद पटवर्धनांचा १९९६ चा ‘ऑक्युपेशन: मिल वर्कर’ हा लघुपट आणून दिला. बावीस मिनिटांचा. आमच्या शेजारच्या भायखळ्यातली न्यू ग्रेट ईस्टर्न गिरणी चार वर्षं टाळेबंदीत होती, तिथले कामगार जबरदस्तीने आत शिरले आणि त्यांनी गिरणीचा ताबा घेतला. गिरणीत घुसलेले कामगार म्हटलं की माझ्या आधीच्या धंद्यात आम्ही दगड आणि काचा शोधल्या असत्या. ही माणसं कामावर जाण्यासाठी घुसली होती. मी तात्यांना तो दाखवला. ते गप्प बसून बघत होते. संपल्यावर म्हणाले, “चार वर्षं बंद म्हंजे पहिलं तेल बघाय पाहिजे. आन् चामडी पट्टे. उंदरांनी ठेवलं असतील तर.” मी आंदोलन बघत होतो, ते खातं बघत होते. मग मी त्यांना साच्याबद्दल विचारायला लागलो. धोटा कसा पळतो, कांडी संपली की किती चपळाईने बदलायची, तुटलेलं सूत डोळ्यांआधी कानाला कसं कळतं. इतकी वर्षं ओळख असून त्यांच्या कामाबद्दल मी त्यांना पहिल्यांदा विचारत होतो. फिल्ममधला सर्वांत लांब प्रसंग तोच आहे, नुसते तात्यांचे हात आणि समोर नसलेला साचा.

अशाच एका बोलण्यात त्यांनी सांगितलं की त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात ते आत गेले होते. म्हणजे संप मोडून कामावर. गावी भावाने दुसरा बैल विकला, त्याचं पत्र आलं आणि तात्या मुंबईला येऊन पोलिसांच्या गाडीतून गिरणीत गेले. खोलीतल्या लोकांनी त्यांची वळकटी बाहेर ठेवली. हे सगळं कॅमेऱ्यासमोर, चहा पिता पिता. मी कॅमेरा बंद केला आणि म्हटलं, तात्या, हे नको ठेवूया.

“का?”

“लोक वेगळं समजतील.”

“मग माझं समदंच काढ. आत गेलेला माणूस मोर्चात येत न्हाय व्हय?” मग जरा थांबून त्यांनी मोर्चात आपल्या शेजारून चालणाऱ्या माणसाबद्दल सांगितलं. तो शेवटपर्यंत आत गेला नव्हता. त्याची नोकरी गेली ती गेलीच. कितीतरी वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. घरांचे अर्ज निघाले तेव्हा त्याला लिहिता येईना आणि तात्यांना दिसेना, म्हणून दोघं एकत्र बसले. “आता त्याची फाइल माझ्याकडं आन् माझी त्याच्याकडं.”

वाहिन्यांनी कामगारांना हट्टी, भडकलेला जमाव म्हणून रंगवलं याचा मला राग होता, आणि त्या रागात मी त्यांना हुतात्मे करायला निघालो होतो. तात्यांना दोन्ही नको होतं. तो प्रसंग फिल्ममध्ये जसाच्या तसा आहे. लोकांनी वेगळं काही समजलं नाही. खेळ संपल्यावर उलट दोन-तीन घरांतून निरोप आले की आमच्या अण्णांचंही असंच झालं होतं, कधी बोलले नाहीत.

आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये झोपडी पाडलेली एक बाई थेट कॅमेऱ्यामागच्यांनाच खडसावते, की आमची चित्रं काढून तुमचं नाव होणार, आम्हांला त्याचं काय? पटवर्धनांनी ते काढून टाकलं नाही, हे माझ्या मनात फार दिवस होतं. मावशींनी मला जेवायला बसवलं तो भाग मी ठेवला तो त्या धीरावर. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून मांडणारं पुस्तक २००४ मध्ये इंग्रजीत केलं, तेही त्या दिवसांत उशाशी असायचं. फिल्म माझी म्हणून लावली जाते. तिच्यातलं चांगलं असं उधारीवरच आलेलं आहे.

जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ दाखवला. मी तात्यांना घेऊन गेलो. त्याची सुरुवात ज्या घटनेतून होते ती अशी: ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असं पोलिसांचं म्हणणं होतं. चौकशी आयोगाने गोळीबार गैर ठरवला, पण जमावाचं ते चित्र अनेकांच्या डोक्यात तसंच राहिलं. गोळीबारानंतर चार दिवसांनी, त्या दुःखात, शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. पटवर्धन या विषयावर चौदा वर्षं चित्रण करत राहिले. तीन तासांहून मोठा माहितीपट तात्यांनी मांडी न बदलता पाहिला. परत येताना चिंचपोकळीच्या पुलावर त्यांनी विचारलं, “तुझं किती वर्षं झालं रं?”

माझं संकलन पुरं होत आलं होतं आणि एका महोत्सवाची शेवटची तारीख तोंडावर होती. मी ती जाऊ दिली. त्यामुळेच जूनमध्ये म्हाडाने कामगारांसाठीच्या ६,९२५ घरांची सोडत काढली तेव्हा माझा कॅमेरा तिथे होता. अर्जदार लाखाहून जास्त. यादीत तात्यांचं नाव नव्हतं, त्यांच्या त्या सोबत्याचं होतं. तात्यांनी त्याची फाइल त्याला दिली आणि स्वतःची परत घेतली. फिल्म तिथे संपते. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा तात्यांनी एकच चूक काढली. हातांच्या प्रसंगाखाली मी साच्याचा आवाज घातला होता तो भिवंडीच्या मागाचा होता. “हा आमचा न्हाय.” मी आवाज काढून टाकला, आता तिथे तात्यांचा श्वास ऐकू येतो.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेले शेतकरी मुंबईत आले. दहावीच्या मुलांच्या परीक्षेला त्रास नको म्हणून शीवच्या सोमय्या मैदानातून रात्रीच आझाद मैदानाकडे निघाले. तात्यांचे गुडघे गेले होते, तरी मला घेऊन रस्त्यावर आले. लोक पाणी, बिस्किटं, चपला देत होते. सगळे कॅमेरे पायांवर होते, फोड आलेल्या, रक्ताळलेल्या पायांवर. मीही खाली वाकलो होतो. तेवढ्यात वर तात्यांचा आवाज. ते लाल टोपीतल्या एका बाईला विचारत होते, “ताई, घरी गुरं कोण बघतंय?”

ती सुरगाण्याकडची होती. चालता चालताच म्हणाली, शेजारीण बघते, पुढच्या टायमाला ती येईल न् मी तिची बघेन.

त्या एका उत्तरामागे मी नंतर सुरगाण्याला गेलो. मोर्चा कर्जमाफीचा, असं आम्ही शहरात धरून चाललो होतो. तिथल्या आदिवासी घरांत बोलणं होतं ते २००६ च्या वनहक्क कायद्याचं, आजोबापणजोबांपासून कसलेल्या जमिनीच्या पट्ट्याचं, मागितली त्याहून कमी गुंठे लिहून आलेल्या कागदाचं. घरी राहिलेल्या शेजारणीला मी शोधून काढलं. मोर्चाबद्दल तिच्याइतकं तपशिलात मला कुणीच सांगितलं नाही, आणि ती मुंबईला आलेलीच नव्हती. त्या तालुक्यातलं काम माझं अजून चालू आहे.

तात्या २०२१ मध्ये गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दत्ता इस्वलकरही गेले. २०२३ मध्ये म्हाडाने दीड लाखाच्या आसपास अर्जदारांकडून पात्रतेसाठी पुन्हा कागद मागवले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर माणूस गिरणीच्या पटावर असल्याचा पुरावा हवा होता. तात्यांच्या मुलाचा फोन आला. गावच्या घरात ट्रंकेला वाळवी लागली होती, ओळखपत्राचा पुठ्ठा तेवढा उरला होता, तिकीट नंबर कुणालाच आठवत नव्हता. “दादा, तुमच्या शूटिंगमध्ये कुठं असंल का?”

होता. हातांच्या प्रसंगाच्या दिवशी तात्यांनी मला बळेच ते कार्ड शूट करायला लावलं होतं, दोन्ही बाजूंनी. मला त्याचा उपयोग दिसत नव्हता, कंटाळून घेतलेला शॉट होता तो, फिल्ममध्ये कुठेच नाही. जुनी हार्ड डिस्क शोधून काढली. नंबर स्वच्छ वाचता येत होता, खातं आणि भरतीचं सालही. मुलाने त्यावरून पुढचे कागद मिळवले. अर्ज पात्र ठरला. घर अजून मिळालेलं नाही.